तीन नंबरची सिस्टर

वत्सलाताईंच्या घरी नुसता चहा प्यायला गेलं तरी आधी हात दाखवावे लागत. दारात उभं राहायचं, दोन्ही पंजे पुढे करायचे, मग पालथे करायचे. त्या कपाळावरचा चष्मा खाली ओढत, नखं बघत आणि म्हणत, "पास." नाहीतर म्हणत, "नापास. मोरीवर साबण आहे." समोर कोण उभा आहे हे त्या बघत नसत. मीटर बघायला आलेला असो, सत्यनारायणाला आलेले गुरुजी असोत, नाहीतर मी.

पहिल्या वेळी मला ते फार लागलं. मी चौथीत शाळा सोडली ती मास्तरांनी वर्गात सगळ्यांदेखत नापास म्हटलं म्हणूनच. त्यानंतर मी कुणाला तशी संधी दिली नाही. झाशीच्या सीपरी बाजारात माझं काचेचं दुकान. खिडक्यांची तावदानं, देवांच्या तसबिरी, मिठाईवाल्यांची कपाटं, सगळं माझ्या हातचं. काच कापायची हिरकणी एकदा फिरवली की फिरवली, दुसऱ्यांदा रेघ मारायची नाही, हा माझा नेम. अशा हातांना एका बाईनं दारात उभं करून नापास म्हणावं, तर मी कशाला थांबतो. वळलो आणि पायरी उतरलो. मागून आवाज आला, "दत्तूभाऊ, चहा गार होतोय. रुसायचं असेल तर हात धुऊन रुसा."

मी हात धुतले. चहा चांगला होता, आलं घातलेला.

ताई मूळच्या वाईकडच्या. यजमान इथल्या कारखान्यात नोकरीला म्हणून झाशीला आल्या, आणि इथे दवाखान्यात नर्स लागल्या त्या वॉर्ड सिस्टर होऊनच निवृत्त झाल्या. यजमान त्याआधीच गेले होते. उंच, सडसडीत बाई. घरातसुद्धा चालत ते असं, की जणू कोपऱ्यातल्या खाटेवरून कुणीतरी घंटी वाजवतंय. पदराला खांद्यापाशी पिन लावून एक उलटं घड्याळ टांगलेलं असे, ड्युटीवर लावायच्या तसंच. निवृत्त झाल्या तरी ते काही उतरलं नाही. गल्लीतले सगळे त्यांना सिस्टरजी म्हणत. मी ताई म्हणे, कारण मराठी माणसाला मराठी माणसानं जी लावायचं हे मला पटत नाही.

माझी मराठी त्यांना चेष्टेला बरी सापडली होती. आमचं घराणं इथलं जुनं. आम्ही अजून भिंतीतल्या कपाटाला फडताळ म्हणतो, पातेल्याला तपेलं म्हणतो, आणि मध्येच हिंदी कधी सुरू होते ते आमचं आम्हाला कळत नाही. ताई म्हणत, "दत्तूभाऊ, तुमची मराठी पेशव्यांच्या फौजेबरोबर आली आणि परतीची वाट चुकली."

मी म्हणे, "चुकली नाही. तिला इथलं पाणी मानवलं."

तर मासे कसे आले ते सांगतो. नोकरी सुटली तेव्हा ताईंना हातावर हात ठेवून बसवेना. त्या रक्तदाबाचं यंत्र घेऊन गल्लीत फिरू लागल्या. आधी लोकांना कौतुक वाटलं. मग असं झालं, की ताई दिसल्या की माणसं गच्चीवर पळत. शेजारच्या मिश्राइन भाभी तर एकदा कोळशाच्या खोलीत जाऊन बसल्या आणि तिथून ओरडल्या, "सिस्टरजी, हम घर में नईं हैं." ताईंचा मुलगा श्रीकांत पुण्याला असतो. तो दिवाळीला आला तेव्हा त्याला हे कळलं. आईचं मन रमावं म्हणून त्यानं एका गोल काचेच्या भांड्यात थोडे सोनमासे आणून दिले. तो परत गेला न गेला तोच त्यातल्या एकाचे पंख कुजायला लागले.

दुसरं कुणी असतं तर मासे सोडून देतं. ताईंचा चेहरा मात्र त्या दिवशी उजळला होता, असं आमच्या मंडळींनी मला सांगितलं. त्यांना पेशंट मिळाला होता.

आठवड्यातच त्या दुकानात आल्या. चांगली मोठी टाकी हवी होती. म्हणाल्या, गोल भांडं म्हणजे एका खाटेवर तिघे. मी टाकी केली. चारी बाजू, तळ, कडा घासून, सांधे काळ्या सिलिकॉननं भरून. न्यायला आल्या तेव्हा विचारलं, "गरम पाण्यानं धुतली तर चालेल?"

"कोमट चालेल."

"उकळत्या?"

"ताई, काच आहे ही. सुई नाही."

"मी आयुष्यभर काचेच्या सिरिंजा उकळल्यात, भाऊ."

"मग सिरिंजमध्ये मासा ठेवा."

त्या टाकी घेऊन घरी गेल्या आणि आधणाचं पाणी ओतलं. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला, असं भाभी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ताई दुकानात हजर, फुटक्या तळाचे तुकडे जुन्या चादरीत गुंडाळलेले. "दत्तूभाऊ, तुमची काच दगावली."

मी चादर उघडून बघितली. एकही सांधा सुटला नव्हता. चिरफाळली होती ती काच, मधोमध. मी म्हटलं, "दगावली नाही. मारलीत."

त्यांनी चष्मा खाली ओढला, तुकडा हातात घेऊन उलटसुलट बघितला. सांध्यावरून नख फिरवलं. मग म्हणाल्या, "बरोबर. चूक माझी. दुसरी करा. इथून पुढे काच तुमची आणि पाणी माझं. मी काचेत बोलणार नाही, तुम्ही पाण्यात बोलायचं नाही."

चूक कबूल करायला एवढा थोडा वेळ घेणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मला स्वतःला तर फार वेळ लागतो, आणि तोही लागला तर. त्या दिवसापासून आमचं जमलं.

मग ओसरीत वॉर्ड सुरू झाला. हसू नका, त्या वॉर्डच म्हणत. माशांना नावं ठेवलेली नव्हती, नंबर होते. एक नंबर, दोन नंबर. भाभी एकाला लाडानं लल्ला म्हणायला लागल्या तर ताई म्हणाल्या, "नाव रखोगी तो रोओगी. नंबर रखो, काम करो." तीन नंबर हा त्यातला जुना. शेपटी दुहेरी, पोट सुटलेलं, आणि तोंडावर असा भाव की आत्ताच कुणीतरी त्याचा अपमान केलाय. भाभी म्हणत, "जे तो बिल्कुल दत्तू भैया हैं." मला त्यात काही साम्य दिसलं नाही.

नवा मासा आला की त्याला आधी वेगळ्या टबात ठेवायचं. आजारी असला तर औषध तिथेच. अंगावर भुरा आला तर खडेमीठ, पंख कुजले तर निळं औषध थेंबाथेंबानं. नळाचं पाणी लगेच घालायचं नाही, ते पिंपात उभं ठेवायचं, त्यातला ब्लीचिंगचा वास जाईपर्यंत. प्रत्येक टबाची जाळी वेगळी. एका टबातली जाळी दुसऱ्यात बुडवली तर बुडवणारा त्या दिवशी वॉर्डाबाहेर. हळूहळू शहरातून लोक मासे घेऊन यायला लागले. कुणी पिशवीत, कुणी लोणच्याच्या बरणीत, आणि एकदा एक फौजदारसाहेब टिफिनच्या डब्यात. फौजदारांचेही हात बघितले. नापास.

श्रीकांत दर दिवाळीला यायचा आणि म्हणायचा, "आई, आता पुण्याला चल." ताई म्हणायच्या, "वॉर्डात पेशंट असताना सिस्टर ड्युटी सोडत नाही." एका दिवाळीला आम्ही सगळे फराळाला बसलो होतो, तेव्हा तो हसत म्हणाला, "म्हणजे टाकी रिकामी झाली की येशील?"

"येईन."

"शब्द?"

"शब्द."

तो हसत होता, पण ताई हसत नव्हत्या. ताईंनी शब्द म्हटला की तो शब्द. ते गल्लीला माहीत होतं. त्या दिवसापासून जाता येता प्रत्येक जण ओसरीत डोकावून टाकी बघायला लागला. आमच्या मंडळींना तर माशांची कधी आवड नव्हती, पण सकाळी दूध आणायला जाताना त्या मोजायच्या.

आणि मग तो रोग आला.

ताई एका लग्नासाठी मऊरानीपूरला गेल्या होत्या. किल्ली भाभींकडे. भाभींनी मेळ्यातून एक सोनेरी मासा आणला होता, ताईंना भेट म्हणून. नियमाप्रमाणे तो वेगळा बादलीत ठेवला. पण तो एकटाच बादलीत फिरतोय हे बघून भाभींना राहवलं नाही. त्यांनी त्याला मोठ्या टाकीत सोडला. ताई परतल्या तेव्हा सगळ्यांच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. मासे दगडांवर अंग घासत होते, कोपऱ्यात माना खाली घालून उभे होते.

भाभी रडायला लागल्या. "अकेली थी बेचारी. हमने सोची, चार जनों में मन लग जाहे."

मला वाटलं, आता फटाका फुटणार. ताईंनी पदर खोचला, मिठाचं पुडकं काढलं आणि म्हणाल्या, "भाभी, आपने तो प्यार किया. मेरे वॉर्ड में सबसे ज़्यादा इन्फेक्शन प्यार से ही फैलता था. अब रोना बंद, पिंप में पानी देखो."

त्यांनी खूप केलं. मीठ केलं, औषध केलं, पाणी हळूहळू ऊबदार केलं. पण रोग फार पुढे गेला होता. एकामागून एक गेले. ताई प्रत्येकाला कापडात गुंडाळून अंगणातल्या लिंबाखाली पुरत, आणि परत येऊन पहिलं काम हात धुण्याचं. शेवटी टबात एकटा तीन नंबर राहिला. बाकी कुणी नव्हतं तरी तो तीन नंबरच. मी म्हटलं, "आता त्याला एक नंबर म्हणा की."

"खाट रिकामी झाली म्हणून पेशंटचा नंबर बदलत नाही, भाऊ."

त्याचे ठिपके गेले होते. पण त्याला परत टाकीत घालायचं तर टाकी आधी पूर्ण धुऊन निघायला हवी. ताई म्हणाल्या, रोगाचं बी नुसतं पाण्यात नसतं, सगळीकडे असतं. दगडात, जाळीत, नळीत. मग ओसरीत जे काही चाललं ते बघायला गल्ली जमली. पाणवेली उपटून जाळल्या. स्पंज जाळला. दगड उकळले. टाकीत पाणी भरून त्यात लाल दवा, ती विहिरीत टाकतात ती, इतकी की टाकी जांभळी दिसायला लागली. ती तशीच उभी ठेवायची, मग उपसायची, मग स्वच्छ पाण्यानं पुन्हा पुन्हा, शेवटी उन्हात पालथी. प्रत्येक पाण्यात मी आधी हात घालून बघत असे, गरम तर नाही. काच माझी होती.

एक वाद त्यात झालाच. तीन नंबरचा टब लहान पडत होता. मी घरून आमच्या आजीचं तांब्याचं घंगाळ आणलं. चार पिढ्या त्यात अभ्यंगस्नानं झालेली. घासून असं लखलखीत केलं होतं की त्यात तोंड दिसावं. ताईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "मागे घ्या."

"का? प्लास्टिकपेक्षा पवित्र आहे."

"पवित्र आहे, म्हणून त्यात मासा मरेल. तांबं उतरतं पाण्यात. माशाला ते विष."

"आमच्याकडे तांब्यातलं पाणी सकाळी उठून पितात."

"तुम्ही मासा आहात का?"

भाभी मागून म्हणाल्या, "थोड़े से तो हैं." घंगाळ परत आलं. मी तो वाद अजून सोडलेला नाही, पण पाणी ताईंचं होतं.

ते दिवस चैत्राचे. ताईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू दरवर्षी असे, आणि वॉर्ड धुवायला काढलाय म्हणून गौर थोडीच थांबते. आत आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. बाहेर ओट्यावर सावलीत एक मोठं तपेलं, वर जाळी झाकलेली. त्यात लाल दवेचं फिकट गुलाबी पाणी आणि तळाला नुकतेच टाकलेले पांढरे दगड. इथल्या बायकांना त्यात काही वाटलं नाही. भाभींना माहीतच होतं की ते औषध आहे. पण त्या वर्षी सामंत नावाचे एक इंजिनियर बदलून आले होते, त्यांची बायको रत्नागिरीकडची. बिचारीनं झाशीत आल्यापासून कोकमाचं तोंड पाहिलं नव्हतं. तिनं जाळी उचलली, ते गुलाबी पाणी बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. फडताळातला पेला घेतला, भरला, आणि आमच्या मंडळींना म्हणाली, "ताईंनी खडीसाखर पण घातलीय हो, किती हौस." आणि घोट घेतला.

"थुंका," ताई आतून म्हणाल्या. त्यांनी कसं बघितलं देव जाणे. तो आवाज असा होता की नुसती सामंतबाईच नाही, ओसरीतल्या दोघीतिघींनी तोंडातली आंब्याची डाळही थुंकली.

मग चुळा भरवणं, जीभ बघणं, नाडी बघणं. काही झालं नाही. दातांवर तेवढी तपकिरी छटा राहिली काही दिवस. सामंतबाई हसून हसून रडल्या की रडून हसल्या, ते मला कळलं नाही. ताईंनी तिला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "मासे गेल्याचं कळल्यावर श्रीकांत निघतोय. त्याला आमसुलं आणायला सांगते. मग खरं सरबत पाजते. पण पुढच्या वेळी दगड दिसले की आधी विचार."

त्या गडबडीत एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. ओसरीत टबात तीन नंबर होता. हळदीकुंकवाला आलेली बाई रिकाम्या हातानं परत पाठवायची नाही, ही आपली रीत. आलेल्या बायकांनी ती माशालाही लावली. प्रत्येकीनं आपल्या ओटीतला एकेक हरभरा चुरून टबात घातला. एकटाच राहिलाय, खाऊ दे. तीन नंबरनं कुणालाही नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी श्रीकांत आला. मी ओट्यावर टाकीच्या कडा तपासत होतो. टाकी उन्हात पालथी, कोरडी ठणठणीत. त्यानं बॅग खाली ठेवली आणि टाकीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आई, टाकी रिकामी आहे."

ताई म्हणाल्या, "रिकामी नाही. वॉर्ड धुवायला काढलाय. पेशंट आत आहे."

"दाखव."

आम्ही आत गेलो. तीन नंबर पाण्यावर उताणा तरंगत होता. पोट आभाळाकडे, फुगलेलं. एक कल्ला हलत होता.

ताईंनी हात धुतले, बोट पाण्यात घालून त्याला हलकेच सरळ केलं. तो पुन्हा उलटा झाला. मग त्यांनी टबाच्या तळाशी हरभऱ्याची सालं बघितली आणि मान हलवली. "बायांनी ओटी भरली याची."

श्रीकांत म्हणाला, "आई, मी परतीची दोन तिकिटं काढून आलोय. पण घाई नाही."

"घाईचं काही नाही. शब्द दिलाय मी. हा गेला तर टाकी रिकामी. मी येईन." त्या आत गेल्या आणि खरंच माळ्यावरून पेटी खाली काढली. मग दाराशी येऊन म्हणाल्या, "पण मला असं जायचं नव्हतं रे. शेवटचा पेशंट हातचा घालवून कुणी वॉर्ड सोडतं का?"

मी त्यांना एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच असं हरल्यासारखं बोलताना ऐकलं.

आमच्या मंडळींनी मला बाजूला घेतलं. "अहो, तुम्ही जा बाजारात. दुसरा एक आजारी मासा आणा. पेशंट असला की झालं."

मी जाणार नव्हतो. पण पाय निघाले. माशांच्या दुकानात पोरगा काचेमागे बसला होता. मी म्हटलं, "गोल्डफिश दो. बीमार वाला."

"बाबूजी, सब तंदुरुस्त हैं."

"तंदुरुस्त नहीं चाहिए. बीमार चाहिए."

तो म्हणाला, "बाबूजी, घर में सब ठीक है?" शेवटी त्यानं कोपऱ्यात गप्प बसलेला एक दिला. मी पिशवी घेऊन ताईंपुढे उभा राहिलो. त्यांनी आधी माझे हात बघितले. मग मासा बघितला. पिशवी उन्हाकडे धरून फिरवली.

"हा आजारी नाही, भाऊ. आळशी आहे."

"मग आळसावर उपचार करा."

त्या हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा. "वॉर्ड बंद आहे, भरती नाही. आणि खोटा पेशंट दाखवून मी पोराला फसवायची नाही. टबात ठेवा त्याला, वेगळा." मग त्या श्रीकांतकडे वळल्या. "तीन नंबरला उपास घातलाय मी. पण पोट साफ व्हायला एकच वस्तू लागते. मटार. ताजा, उकडलेला, सोललेला."

"चैत्रात मटार? फ्रीजरमधला आणतो."

"पेशंटला शिळं?"

मटाराचा हंगाम संपत आला होता. मंडईत नव्हता. भाभी म्हणाल्या, बरुआसागरकडे अजून कुणाच्या शेतात असेल. श्रीकांतनं टबात वाकून बघितलं. आईला घेऊन जायला आलेला मुलगा, आणि तिला इथे बांधून ठेवणारा तो मासा टबात उलटा. मग तो म्हणाला, "काका, तुमची स्कूटर चालते ना?"

"माझी स्कूटर न चालायला काय झालं?"

आम्ही गेलो. ऊन असं की डांबर मऊ झालं होतं. बरुआसागरच्या भाजीबाजारात आलं, वांगी, टमाटे, सगळं होतं, मटार नव्हता. एका म्हातारीच्या टोपलीत तळाला थोड्या शेंगा निघाल्या, पिवळट पडलेल्या. श्रीकांतनं एक शेंग फोडली. आत दाणे हिरवे होते. तो म्हणाला, "बस, एक दाना चाहिए."

म्हातारी म्हणाली, "एक दाने में का बनाहो, लला?"

"दवाई."

"किनकी?"

पुण्यात मोठ्या हुद्द्यावर असलेला तो माणूस, घामानं चिंब, म्हातारीपुढे उकिडवा बसून म्हणाला, "अम्मा की मछली की." म्हातारीनं सगळ्या शेंगा त्याच्या ओंजळीत ओतल्या आणि काही घेतलं नाही.

ताईंनी दाणा उकडला, साल काढली, बोटांनी चुरला. तीन नंबरच्या तोंडाशी धरला. त्यानं घेतला नाही. श्रीकांत म्हणाला, "मी बघू?" ताईंनी त्याच्याकडे बघितलं.

"हात दाखव."

त्यानं दाखवले. स्कूटरची धूळ, शेंगांची माती. "नापास." तो मुकाट्यानं मोरीवर गेला. साबण लावून कोपरापर्यंत हात धुऊन आला. ताई म्हणाल्या, "पास." त्यानं पाण्यात हात घालून माशाला तळहातावर आडवा धरला आणि दाण्याचा चुरा पुढे केला. बराच वेळ काही नाही. मग तीन नंबरनं, अपमान झालेल्या चेहऱ्यानं, तोंड उघडलं आणि घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा श्रीकांत टबापाशी जमिनीवर बसला होता. तीन नंबर सरळ पोहत होता, मागे एक लांब हिरवा धागा. भाभींनी हात जोडले. श्रीकांत म्हणाला, "आई, पेटी परत माळ्यावर ठेवू?"

ताई म्हणाल्या, "खुर्ची घेऊन चढ. जड आहे."

त्याच दिवशी सामंतबाईंना बोलावून त्यानं आणलेल्या आमसुलांचं सरबत केलं. त्यांनी पिण्याआधी पेल्याचा तळ बघितला.

त्यानंतर टाकी परत भरली. आळशी मासा चार नंबर झाला. आणखी आले, बरे झाले. ताई होत्या तशाच होत्या. मग एका कार्तिकात पुण्याहून फोन आला, सूनबाईंना दिवस गेलेत. ताईंनी फोन ठेवला आणि ओट्यावर येऊन आम्हाला सांगितलं, "बदली झाली माझी. पुण्याला. बाळंतपणाचा वॉर्ड."

"आणि इथले?" मी विचारलं.

"इथे आत्ता एकही आजारी नाही. सगळ्यांना डिस्चार्ज."

काही मासे भाभींकडे गेले. वेगळ्या बादलीत, आधी. चार नंबर सामंतांकडे. टाकी आणि तीन नंबर माझ्याकडे. मी नको म्हणत होतो. ताई म्हणाल्या, "काच तुमचीच आहे. पाण्याचं शिकवते." जायच्या दिवशी सकाळी त्यांनी टाकी पुन्हा लाल दवेनं धुतली. मी म्हटलं, "आता तर कुणी आजारी नव्हतं."

"वॉर्ड दुसऱ्याच्या ताब्यात देताना धुऊन द्यायचा असतो."

स्टेशनला जायला ऑटो आली. न्यायला आलेला श्रीकांत पुढे बसला. ताई मागे, मांडीवर पिशवी, खांद्याला ते उलटं घड्याळ. भाभी रडत होत्या आणि ताई त्यांची नाडी धरून बसल्या होत्या. ऑटो सुरू झाली तेव्हा मी पुढे झालो. मी म्हटलं, "ताई, हात दाखवा."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. दोन्ही पंजे ऑटोबाहेर काढले, मग पालथे केले. सकाळच्या लाल दवेनं बोटं तपकिरी झाली होती, नखांच्या कडांना काळपट रेघा. दुसऱ्या कुणाचे असे हात असते तर त्यांनी दारातूनच परत पाठवलं असतं.

मी नीट बघितलं. घाई केली नाही.

"नापास," मी म्हटलं. "मोरीवर साबण आहे."

ऑटो निघाली होती. ताईंनी हात आत घेतले नाहीत. गल्लीच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत ते दोन तपकिरी पंजे तसेच बाहेर होते, आणि त्यांचं हसणं इंजिनाच्या आवाजावरून मला ऐकू येत होतं.